औंधचा चित्रकार राजा आणि आपली बंद पडलेली ड्रॉइंगची वही

एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएट दिली, दहावीच्या निकालात त्याचे वाढीव गुण पदरात पडले आणि चित्रकला संपली. आपल्यापैकी बऱ्याच जणांची गोष्ट एवढ्या एका वाक्यात मावते. त्यानंतर ड्रॉइंगची वही माळ्यावर जाते, रंगांच्या ट्यूब सुकून दगड होतात आणि कुणी कागद-पेन्सिल पुढे केलीच तर आपण हसून हात मागे घेतो. आपल्याला कुठं चित्र येतं! चित्र म्हणजे आर्टवाल्यांचं काम, असं आपण ठरवूनच टाकलेलं असतं.

असं न ठरवलेल्या एका माणसाची ही गोष्ट आहे. त्याच्याकडे राज्य होतं, कारभार होता, इंग्रज रेसिडेंटची मर्जी सांभाळायची होती, दुष्काळी मुलखाचा वसूल बघायचा होता. चित्र न काढायला त्याच्याइतकी चांगली कारणं फार थोड्यांकडे असतील. तरी हा माणूस आयुष्यभर चित्रं काढत राहिला आणि आपल्या मुलखातल्या साध्या माणसांच्या डोळ्यांपुढे चित्रं ठेवत राहिला. हे होते औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव बाळासाहेब.

आपल्याला औंध म्हटलं की पुण्याचं औंध आठवतं. हे ते नव्हे. हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, यमाईदेवीचं औंध. सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड करत माण-खटावच्या दिशेनं निघालं की तिथं पोहोचता येतं. या संस्थानाचा एक तुकडा तर आपल्या अगदी उंबऱ्याशी होता. सांगोला ओलांडलं की लागणारी आटपाडी तेव्हा औंधच्या राज्यात होती.

बी. ए. झालेला राजकुमार

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. घराणं जुनं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधी हे पद निर्माण झालं. छत्रपतींच्या वतीनं काम पाहणारा तो प्रतिनिधी. पुढे किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे ते पद आलं आणि त्यांच्या वंशात राहिलं. नाव मोठं होतं, राज्य मात्र छोटं. गावं अवघी ७२, तीही सलग नव्हेत. काही साताऱ्याकडे, काही आजच्या सांगली जिल्ह्यात, तर काही पार विजापूरच्या बाजूला. बराचसा मुलूख कमी पावसाचा.

त्या काळातले अनेक राजपुत्र शिकारीत आणि पोलोत रमत होते. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि बी. ए. झाले. नंतर वडिलांच्या हाताखाली राज्याचा कारभार शिकले. गादी त्यांना लगेच मिळाली नाही. ती आली १९०९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे तरुणपणाचा मोठा काळ ते राजा नव्हतेच. वाचन, कीर्तन, व्यायाम आणि चित्रं हे त्यांचे छंद गादीच्या आधीपासूनचे. गादी आल्यावर ते सुटले नाहीत, हे विशेष.

कीर्तन हा शब्द वाचून चमकलात? होय, हा राजा स्वतः कीर्तन करायचा. कीर्तनकाराचं काम काय, तर समोर बसलेल्या म्हाताऱ्या आजीला आणि मांडीवरच्या नातवाला एकाच वेळी गोष्टीत गुंतवून ठेवायचं. बाळासाहेबांच्या चित्रांकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवली तर त्यांची चित्रं जास्त कळतात. ते मुळात गोष्ट सांगणारे चित्रकार होते.

रामायण रंगात, महाभारत रेषेत

तो काळ राजा रविवर्म्याच्या चित्रांचा. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत भिंतीवर लागली. त्याआधी ज्या घरात चित्र नावाची वस्तूच नव्हती, तिथं लक्ष्मी-सरस्वती आल्या. बाळासाहेबांवर रविवर्म्याचा मोठा प्रभाव होता. रविवर्म्याची मूळ तैलचित्रंही त्यांच्या संग्रहात आहेत.

पण ते नुसते संग्राहक राहिले नाहीत. त्यांनी स्वतः रामायणातले प्रसंग चितारायला घेतले. ही चित्रमालिका १९१६ मध्ये ‘चित्र रामायण’ म्हणून इंग्रजी मजकुरासह पुस्तकरूपानं छापली गेली. गादीवर बसून सात वर्षं झालेला राजा, वय ४८, आणि त्याच्या नावावर चित्रांचं पुस्तक!

त्यानंतरचं काम आणखी मोठं. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. महाभारताच्या देशभरातल्या हस्तलिखितांची पडताळणी करून एक शुद्ध, चिकित्सक आवृत्ती काढावी आणि ती सचित्र असावी, यासाठी बाळासाहेबांनी १९१८ मध्ये पुढाकार घेतला. त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. ७२ गावांच्या राज्याला ही रक्कम लहान नव्हती. एप्रिल १९१९ मध्ये काम सुरू झालं आणि ते पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं. जगभरचे अभ्यासक आज जी महाभारताची आवृत्ती प्रमाण मानतात ती हीच. तिच्या शीर्षकपृष्ठावर चित्रकार म्हणून औंधच्या राजाचं नाव छापलेलं आहे.

इथं एक गंमत आहे. रामायणातल्या सीतेला साडी कोणती नेसवायची, अर्जुनाच्या डोक्यावर मुकुट असेल तर कसा, रथाची चाकं कशी, हे चित्रकारानं कुठून आणायचं? रविवर्म्यानं आपल्या काळातल्या साड्या आणि दागिने घेतले. महाभारतासाठी बाळासाहेबांनी प्राचीन शिल्पांचा आणि चित्रांचा आधार घ्यायचं ठरवलं. म्हणजे आधी बघणं आलं, टिपणं काढणं आलं. अजिंठ्याची त्यांना ओढ होतीच. १९३२ मध्ये त्यांचं अजिंठ्याच्या लेण्यांवरचं मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध झालं. आज आपण लेण्यात जातो, फोन वर करतो, तीन सेकंदांत फोटो काढतो आणि पुढे सरकतो. घरी आल्यावर विचारा, त्या बोधिसत्त्वाच्या हातात काय होतं? आठवत नाही. चित्र काढायला बसलेल्या माणसाला मात्र ते विसरता येत नाही. हात फिरवल्याशिवाय डोळा नीट बघत नाही, एवढं साधं त्यामागचं कारण.

खरं सांगायचं तर बाळासाहेबांना कलेचे जाणकार रविवर्मा किंवा धुरंधरांच्या पंक्तीत बसवत नाहीत. पण गोष्टीचा कस इथंच लागतो. आपण सर्वोत्तम नाही, हे त्यांना कळत नसेल असं मानायला जागा नाही. त्यांच्याच भिंतीवर रविवर्मा टांगलेला होता! रोज आपल्यापेक्षा कितीतरी सरस चित्र डोळ्यांसमोर असताना त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. आपण मात्र इन्स्टावर कुणाचं तरी हायपर-रिअलिस्टिक पोर्ट्रेट बघतो आणि पेन्सिल कायमची ठेवून देतो.

ड्रॉइंग येणाऱ्या माणसांचं गाव

चित्रांची आवड असलेल्या राजाभोवती तशीच माणसं गोळा झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यातलं मोठं नाव. कारखानदार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. तिथं त्यांना काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही असं लक्षात आलं. रंग सुटले, रेषा सुटली नाही. ते यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवू लागले. पुढे बेळगावात त्यांच्या कारखान्याची जागा गेली तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळची माळरानाची जमीन देऊ केली. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर असो की पंप, कागदावरच्या रेषेशिवाय साच्यात काही उतरत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शीटवर रात्री घालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये पुढे गाजलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक सुरू झालं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरही जे. जे.चेच विद्यार्थी आणि व्यवसायानं चित्रकार. ते औंधला आले आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत तिथंच राहिले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर नामवंत चित्रकार झाले आणि पुढे महाराष्ट्राचे कला संचालकही झाले. आपण ज्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्या घेणारं हेच ते कला संचालनालय. आता कळलं, आपल्या माळ्यावरच्या वहीचा औंधशी काय संबंध?

आणि आटपाडीकडचे माडगूळकर बंधू! ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. ज्या राजानं रामायण रंगात मांडलं, त्याच्या राज्यातल्या विद्यार्थ्यानं १९५५ मध्ये गीतरामायण लिहिलं. धाकटे व्यंकटेश माडगूळकर लेखक म्हणून मोठे झाले, पण त्यांची रेखाटनंही तितकीच बोलकी आहेत. गोष्ट लिहिणाऱ्याचा हात चित्रातही चालतो, त्याचा हा पुरावा.

नमस्कार हुकमाने, चित्र कसं?

बाळासाहेब सूर्यनमस्कारांसाठी देशभर प्रसिद्ध होते. स्वतः रोज नमस्कार घालायचे, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले. राजाच तो, हुकूम काढला की काम झालं. व्यायाम तरी असा करून घेता येतो. चित्राचं तसं नाही. सक्ती केली की मूल सूर्य, दोन डोंगर, नदी आणि झोपडी काढतं आणि वही मिटतं. आपण सगळ्यांनी ते चित्र काढलेलं आहे!

चित्रांसाठी बाळासाहेबांनी निवडलेली वाट वेगळी होती. औंधच्या डोंगरावर मूळपीठाची यमाई आहे. दर्शनाला जाणारी माणसं तो डोंगर चढतात. त्याच डोंगरावर त्यांनी संग्रहालय बांधलं आणि १९३८ मध्ये ते सुरू झालं. श्रीभवानी चित्र-पदार्थ संग्रहालय हे त्याचं नाव. दिवसाउजेडी चित्रं नीट दिसावीत म्हणून वरून नैसर्गिक प्रकाश घेण्याची सोय त्यात आहे. आत रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, लघुचित्रं आहेत, लाकडावरचं आणि चंदनावरचं कोरीव काम आहे. एवढंच काय, विसाव्या शतकातले जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे. लंडनच्या कलादालनात बघायची गोष्ट, माणदेशातल्या टेकडीवर!

राजेलोक संग्रह करत, पण तो राजवाड्याच्या दिवाणखान्यात असे. पाहुणे आले, साहेब आले की दाखवायचा. बाळासाहेबांनी आपली चित्रं देवीच्या वाटेवर ठेवली. ज्या बाईनं आयुष्यात चित्राचं दालन पाहिलेलं नाही, ती नारळ-खण घेऊन वर येणार आणि येता-जाता तिला सैरंध्री दिसणार. कला लोकांपर्यंत नेण्याविषयी आज परिषदा भरतात. या माणसानं लोक जिथं आपणहून येतात ती जागा शोधली.

अर्थात हे सगळं झालं ते प्रजेच्या पैशावर चालणाऱ्या राज्यात, हेही विसरून चालणार नाही. दुष्काळी गावांच्या राजानं चित्रं जमवावीत का, हा प्रश्न कुणीही विचारू शकतो. त्याचं उत्तर बाळासाहेबांच्या पुढच्या कृतीत सापडतं.

अधिकार परत केलेला प्रतिनिधी

१९३८ च्या अखेरीस, सत्तरी गाठल्यावर, त्यांनी राज्याचा अधिकार प्रजेकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्सफर्डहून शिकून आलेला मुलगा अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमधून भारतात आलेले इंजिनिअर या कामात सोबत होते. राज्यघटनेसाठी महात्मा गांधींचा सल्ला घेतला गेला. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावपंचायतींच्या पायावर उभं राहिलेलं स्वराज्य, देश स्वतंत्र होण्याच्या आठ वर्षं आधी! आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत याच काळातली. त्या प्रयोगावरूनच गदिमांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तो सिनेमा काढला.

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५१ मध्ये बाळासाहेब गेले. राज्य गेलं, संग्रहालय राहिलं. आज ते राज्य सरकारकडे आहे आणि कुणीही जाऊन बघू शकतं.

गांधीजींवरून एक धागा थेट आपल्या विषयाशी येतो. १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रेल्वे प्रवासात गांधीजींनी जॉन रस्किन या इंग्रज लेखकाचं ‘अन टू धिस लास्ट’ वाचलं आणि त्यांचं जगणं बदललं. सर्वोदय हा शब्द त्याच पुस्तकाच्या गुजराती रूपांतरातून आला. हाच रस्किन १८५४ पासून लंडनच्या कामगारांच्या कॉलेजात संध्याकाळी ड्रॉइंग शिकवत होता. सुतार, गवंडी, कारकून यांना. त्यांना चित्रकार करायचा त्याचा हेतू नव्हता, त्यांना नीट बघता यावं एवढीच इच्छा होती. रस्किनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, २००० मध्ये, त्यानंच स्थापन केलेल्या संस्थेनं ब्रिटनमध्ये सगळ्या वयाच्या माणसांनी एकत्र येऊन चित्र काढण्याची मोहीम सुरू केली. ‘बिग ड्रॉ’ या नावानं ती आता अनेक देशांत दर वर्षी होते. बागेत, ग्रंथालयात, रस्त्यावर. आजोबा, आई, पोरं, सगळे एकाच लांबलचक कागदावर.

शुक्रवार पेठेत कागद पसरला तर?

हे वाचून परदेशी खूळ वाटत असेल तर जानेवारीत आपल्याच गावात डोळे उघडे ठेवून फिरा. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या पडतात. त्या काढणाऱ्यांत शाळकरी मुलगी असते आणि तिला ठिपके मोजून देणारी आजीही असते. कुणी त्यांना सर्टिफिकेट विचारत नाही. रेष वाकडी गेली तर चिमटीनं पुसतात आणि पुढे जातात. सगळ्या वयांनी मिळून, रस्त्यावर, न लाजता काढलेलं हे चित्रच आहे. फक्त आपण त्याला चित्र म्हणत नाही.

आणि पूर्व भागात जा. सोलापुरी चादरीवरची नक्षी काही यंत्र स्वतःच्या मनानं विणत नाही. आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत ती काढतं, मग त्यावरून जॅकार्डची कार्डं भोकं पाडून तयार होतात, मग माग चालतो. हे शहर वर्षानुवर्षं चित्रं पांघरून झोपतंय.

मग आपल्यालाच काय झालंय? शुक्रवार पेठेतल्या एखाद्या बोळात रविवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाचा रोल पसरायला कितीसा खर्च येतो? चार पेट्या खडू आणि थोडा कोळसा. नियम दोनच असावेत. एक, नंबर काढायचे नाहीत. स्पर्धा आली की येणारे तेच येतात, ज्यांना आधीपासून येतं. दुसरा, मोठ्यांनी नुसतं बघत उभं राहायचं नाही, बसायचं. विषय समोरच असावा. जुन्या वाड्याचा दरवाजा, भाजीची गाडी, कट्ट्यावर पेपर वाचणारे काका. आजीला पेन्सिल धरवत नसेल तर रांगोळी द्या, बघा कोण कुणाला शिकवतंय ते. एनएसएसचे तास भरायला आपण किती तरी गोष्टी करतो, त्यात ही एक बसू शकते.

चित्रं काही फार ग्रेट येणार नाहीत. न येऊ देत. पण ज्या दरवाज्यासमोरून आपण रोज गाडी दामटत जातो, त्याच्या चौकटीवर गणपती आहे की कमळ, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसेल. आणि रोज हाय-बाय न करणारी दोन घरं एका कागदावर कोपराला कोपर लावून बसलेली असतील.

औंधच्या राजाकडे वेळ नव्हता, तरी त्यानं काढला. त्याच्यापेक्षा चांगलं काढणारे होते, तरी तो थांबला नाही. जे जमलं ते त्यानं देवीच्या वाटेवर, चारचौघांसमोर ठेवलं. आपल्याला तर डोंगरही चढायचा नाही. जिना उतरून गल्लीत आलं तरी पुरे.

येत्या सुट्टीत माळ्यावर चढा. ती वही शोधा. मागची दहा-बारा पानं कोरी असतीलच.